गोणी कुणाची, हमाल कुणाचा?

(दृश्य : पहाट. वाशीचा धान्य बाजार. गाळ्यासमोर ट्रक लागतो.)

ट्रकचा फाळका पडला की हमालांची टोळी उठते. एकजण वर चढून गोणी कडेला आणतो. खालचा मान वाकवतो, पाठीवर ५० किलो घेतो आणि गाळ्याकडे चालू लागतो. त्याच्या वडिलांच्या पिढीत हीच गोणी १०० किलोची असायची.

हा माणूस नोकर कुणाचा?

सकाळी एका गाळ्याचा तांदूळ, दुपारी दुसऱ्याची तूरडाळ, संध्याकाळी तिसऱ्याची साखर. व्यापारी म्हणायचा, माल माझा, पण माणूस माझा नाही. ट्रकवाला म्हणायचा, माझं काम आणून पोचवायचं. मालकच ठरत नाही म्हटल्यावर फंड नाही, रजा नाही, गोणीखाली पाय मोडला तर भरपाईही नाही. मणका गेला की माणूस एसटीने गावी परत, आणि त्याच्या जागी गावाकडचाच दुसरा कुणीतरी.

(दृश्य : मस्जिद बंदरची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

मुंबईच्या दाणाबंदरात ही माणसं आली ती सातारा, सांगली, पुणे, नगरकडच्या कोरडवाहू गावांतून. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील त्यांच्यातलेच. त्यांनी टोळ्या बांधल्या, संप केले, मोर्चे काढले. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी (माथ्यावर ओझं वाहणारे), हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. गोदी कामगारांसाठी १९४८ मध्ये झालेल्या कायद्याचा नमुना समोर होता, पण बाजारपेठेतल्या हमालापर्यंत असं काही तोवर पोचलं नव्हतं.

या कायद्याची युक्ती मला आजही विलक्षण वाटते. एका हमालाचा एक मालक शोधण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. त्याने मध्ये मंडळ आणून बसवलं. किराणा बाजाराचं वेगळं, कापड बाजाराचं वेगळं, लोखंड-पोलादाचं वेगळं. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, हमालानेही करायची. टोळीने किती गोण्या उतरवल्या त्याचा हिशेब लागतो. ठरलेल्या दराने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मजुरी मंडळ कामगाराला देतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्ट्या निघतात. व्यापाऱ्याने पैसे थकवले तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात. आणि हे फक्त ओझं वाहणाऱ्यापुरतं नाही. तोलणं, मापणं, पोती भरणं, शिवणं, माल निवडणं, साफ करणं हेही कायद्यात येतं. बाजाराच्या कोपऱ्यात बसून धान्य निवडणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलेलं असतं का?

(दृश्य : कोपरखैरणेची माथाडी वसाहत. दारात शाळेची दप्तरं.)

या घरांमागे ती लेव्ही आहे, आणि मालाच्या दरात ती धरणारा व्यापारीही आहे. म्हणूनच या व्यवस्थेला फाटे फुटतात तेव्हा वाईट वाटतं. काही ठिकाणी मालक नोंदच करत नाहीत, कंत्राटदाराची माणसं उभी करतात आणि हातावर रोख टेकवतात. रोख घेताना माणसाला बरं वाटतं, पण त्या दिवसाची नोंद मंडळात कुठेच नसते. दुसरीकडे, माथाडीच्या नावाखाली कामाला हात न लावता पैसे मागणाऱ्या टोळ्याही झाल्या. ट्रकचालकाकडून वाराई, म्हणजे माल उतरवण्याचे पैसे, उकळली जाते. वाहतूकदार म्हणतात, ज्याचा माल त्याचा हमाल. त्यांचं खरं आहे. उतरवणीचे पैसे माल घेणाऱ्याने द्यायचे, तेही मंडळामार्फत. शेकडो कोस गाडी हाकून आलेल्या चालकाच्या खिशातून ते का जावेत? या खंडणीची बदनामी मात्र पाठीवर गोणी असलेल्या खऱ्या हमालाला सोसावी लागते.

(दृश्य : दुपार. ट्रक रिकामा. टोळी सावलीत बसली आहे.)

मुकादम थप्पी मोजतो. गाळ्यातला दिवाणजी वहीत आकडा टाकतो आणि वही त्याच्याकडे फिरवतो. मुकादम पुन्हा एकदा थप्पीकडे बघतो, बोटांवर मोजतो आणि मग सही करतो.