हायड्रोजन-अल्फा फिल्टर: बिंब उजळले म्हणजे ट्युनिंग जमले असे नाही

नमस्कार. सूर्यनिरीक्षणाचा कोणताही व्हिडिओ टाकला की त्याखाली एक तक्रार हमखास येते: कडेवरच्या ज्वाला छान दिसतात, पण बिंब मात्र लाल थाळीसारखे सपाट दिसते, तर हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनची एक ठरावीक लाल तरंगलांबी तेवढी सोडणारा) सदोष आहे का? बहुतेक वेळा फिल्टर उत्तम असतो आणि फक्त ट्युनिंग, म्हणजे फिल्टर नेमक्या तरंगलांबीवर जुळवणे, बिघडलेले असते, म्हणून आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगतो. फाइंडर (दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण) काढून ठेवावा, समोरचा उष्णता अडवणारा फिल्टर आणि डोळ्याकडचा ब्लॉकिंग फिल्टर दोन्ही जागेवर असल्याची खात्री करावी, आणि एकट्या एटालॉनमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. एटालॉन म्हणजे काटेकोरपणे समांतर असलेल्या दोन अंशतः परावर्तक पृष्ठभागांची जोडी. ती एक नव्हे, तर ठरावीक अंतराअंतरावरच्या अनेक तरंगलांबी सोडते. त्यांतील ६५६.२८ नॅनोमीटरजवळची, म्हणजे हायड्रोजन-अल्फाची, तेवढी ठेवून बाकीच्या अडवण्याचे काम ब्लॉकिंग फिल्टरचे असते.

आता मुख्य अडचण. ट्युनिंगचा नॉब फिरवताना प्रतिमा जिथे सर्वांत उजळ दिसते, तिथे लोक थांबतात, आणि नेमके तिथेच थांबायचे नसते. हायड्रोजन-अल्फा ही सूर्याच्या वर्णपटातील काळी रेषा आहे. तिच्या मध्यभागी आजूबाजूच्या प्रकाशाच्या जेमतेम सहावा हिस्सा प्रकाश उरतो. तुमचा फिल्टर ०.७ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) रुंदीचा पट्टा सोडणारा असेल, तर रेषेच्या मध्याकडे जाताना बिंब मंद होत गेलेच पाहिजे. उजळपणा वाढतो आहे याचा अर्थ आपण वर्णगोल (हायड्रोजन-अल्फात दिसणारा सूर्याचा वरचा थर) सोडून त्याखालच्या दीप्तिगोलाकडे, म्हणजे पांढऱ्या प्रकाशाच्या साध्या फिल्टरमधून दिसणाऱ्या सूर्याकडे चाललो आहोत.

हीच गोष्ट डोळ्याने ताडून पाहा. डोक्यावर काळे कापड घ्या, एखाद्या सौर डागाजवळचा भाग दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणा आणि नॉब अगदी सावकाश फिरवा. रेषेपासून दूर असताना डाग स्वच्छ, रेखीव दिसतो, आणि बिंबाची कड दुहेरी भासते: आत दीप्तिगोलाची ठसठशीत कड आणि बाहेर वर्णगोलाची फिकट किनार. मध्याजवळ येऊ लागलात की डागाची उपछाया (काळ्या गाभ्याभोवतीची फिकट किनार) भोवतालच्या बारीक तंतूंत बुडू लागते, शेजारचे प्लाज (वर्णगोलातील तेजस्वी पट्टे) उजळतात, फिलामेंट (बिंबासमोर काळ्या रेघांसारख्या दिसणाऱ्या ज्वाला) काळेभोर होतात आणि दुहेरी कड बरीच विरते. तंतू सर्वांत ठळक दिसतात ती जागा ओलांडून पुढे जा, ते पुसट झाल्यावर परत फिरा आणि मगच थांबा. प्रत्येक बदलानंतर फोकसही पुन्हा तपासावा, कारण अर्धवट फोकसमध्ये कोणतेही ट्युनिंग सारखेच वाईट दिसते.

एका सार्वजनिक निरीक्षणात मी दुर्बीण नीट जुळवून बाजूला झालो आणि थोड्या वेळाने परत डोळा लावला, तर बिंबावरचे सगळे फिलामेंट गायब! मधल्या कोणीतरी ‘अंधूक दिसते’ म्हणून नॉब फिरवून प्रतिमा लखलखीत करून ठेवली होती. रात्रीच्या दुर्बिणीवर उजेडासाठी धडपडण्याची सवय इथे अशी आड येते.

‘मग ज्वाला पाहूनच जुळवले तर?’ असेही बरेच जण विचारतात. जुळवू नका. ज्वाला काळ्या आकाशावर उठून दिसतात, त्यामुळे फिल्टर अर्धा अँगस्ट्रॉम सरकलेला असला तरी त्या दिसतच राहतात. शिवाय त्यांतील वायू स्थिर नसतो: सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर वेगाने तो आपल्याकडे येत किंवा दूर जात असेल, तर त्याचा प्रकाश अर्ध्या अँगस्ट्रॉमने सरकतो. म्हणजे ज्वाला सर्वांत उजळ दिसते ती जागा त्या एका ज्वालेपुरती असते, बिंबाची नव्हे. आधी बिंब जुळवावे, ज्वालांसाठी वेगळी जागा नंतर शोधावी.

नॉब कोणत्या दिशेने काय करतो हे तुमच्या रचनेवर अवलंबून आहे. कलवून जुळवायचा एटालॉन तरंगलांबी फक्त निळ्या (कमी तरंगलांबीच्या) बाजूला नेतो, म्हणून तो मुळात किंचित लाल (जास्त तरंगलांबीच्या) बाजूला राहील असा बनवतात. हवेचा दाब वाढवणाऱ्या रचनेत आणि तापवल्या जाणाऱ्या अभ्रकाच्या एटालॉनमध्ये दाब किंवा तापमान वाढले की पट्टा लाल बाजूला जातो. तापवणाऱ्या प्रकारात प्रत्येक बदलानंतर काही मिनिटे थांबावेच लागते. ‘नॉब फिरवूनही काही होत नाही’ अशा तक्रारींमागे बहुधा हा उतावळेपणाच असतो.

उंच डोंगरावर गेल्यावर फिल्टर बिघडला, असे एका प्रेक्षकाने कळवले होते. दोन पृष्ठभागांमध्ये मोकळी हवा असलेल्या एटालॉनचे तसे होणारच: सुमारे ३,००० मीटरवर हवेचा दाब जवळपास ३० टक्क्यांनी घटतो आणि पट्टा साधारण अर्धा अँगस्ट्रॉम निळ्याकडे सरकतो. कलवून तो आणखी निळ्याकडेच जाईल, परत आणता येणार नाही. दाबाने जुळवायच्या बंद रचनेत मात्र दाब वाढवून ही घट भरून काढता येते.

बिंबाचा अर्धाच भाग तंतुमय दिसत असेल, तर आधी नॉबला हात न लावता सूर्य दृष्टिक्षेत्रात इकडेतिकडे सरकवून पाहा. एटालॉनमधून तिरके जाणारे किरण निळ्या बाजूला सरकतात, त्यामुळे संपूर्ण क्षेत्र एकसारखे जुळेलच असे नाही. आपल्याला पाहायचा भाग जुळलेल्या पट्ट्यात आणला की काम भागते.

आणि इतके सगळे जुळवल्यावर एखादा फिलामेंट डोळ्यांदेखत विरू लागला, तर ट्युनिंग सुटले असे लगेच समजू नका. बाकीचे तंतू जागच्या जागी ठळक असतील, तर पट्टा निळ्या बाजूला थोडाथोडा सरकवत जा. फिलामेंट उसळून आपल्या दिशेने निघालेला असेल, तर तो तिथे पुन्हा सापडतो, आणि एक अँगस्ट्रॉम सरकल्यावर सापडला तर त्याचा आपल्या दिशेचा वेग सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर आहे.