अर्धं फुलपात्र पाणी

(पडद्यावर: रात्र. माजघर. खुंटीला टांगलेली सलाईनची बाटली. खाली पाटावर घडी घातलेला टॉवेल. बाहेरून ओट्यावरच्या गप्पांचा आवाज.)

अमळनेर, जिल्हा जळगाव. रात्रीचे साडेआठ. मे महिन्यात आमच्याकडे भिंती रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत असतात, म्हणून जेवणं झाली की सगळी गल्ली ओट्यावर येऊन बसते. आप्पा मात्र आत आहेत. बाटलीवर पेनाने रेघ मारताहेत. बाटली ५०० मिलीची, आज तिच्यात ३०० उरलंय. पाणी २०० च्या खुणेवर आलं की थांबायचं.

म्हणजे १०० मिली. अर्धं फुलपात्र. आमच्या चिमीचा एकेक दिवस सध्या या अर्ध्या फुलपात्रावर उभा आहे.

चिमी आमची मांजर, सोळा वर्षांची आहे. दादर ज्वारीच्या पोत्यांमागे जन्मली, पोत्यांच्या राखणीतच मोठी झाली. तिच्या राज्यात आमच्या घरात उंदराने धान्याला तोंड लावलं नाही, हे माय आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

(पडद्यावर: अंगणातलं पाण्याचं पसरट भांडं. मांजर पाणी पिते आहे, बराच वेळ.)

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ती फार पाणी प्यायला लागली. सकाळी भरलेलं भांडं दुपारी रिकामं. माय म्हणाली, "ऊन शे ना व बाई, तिले बी तीस लागस." मलाही ते पटलं. पारा ४४ वर, बोरी नदीचं पात्र कोरडं, माणसं माठापासून हलेनात, तर मांजराला तहान का लागू नये? उलट बरंच वाटलं, की म्हातारी पाणी पितेय, म्हणजे ठीक आहे.

चूक तिथेच झाली. तीच टळावी म्हणून ही फिल्म करते आहे.

मांजर मुळात वाळवंटातलं जनावर. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या रखरखीत भागातले रानमांजर. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. शिकारीतून मिळणाऱ्या त्या पाण्यावर भागवायचं आणि मूत्रपिंडांनी लघवी इतकी दाट करायची की एक थेंब वाया जाणार नाही, अशी त्या शरीराची घडण. म्हणून धडधाकट मांजर भांड्यापाशी फार रेंगाळत नाही. म्हातारं मांजर अचानक भांडंच्या भांडं रिकामं करू लागलं, तर पुष्कळदा त्याची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवायला कमी पडत असतात. खाली जातं ते भरून काढायला ते पितं. आणि ही ताकद जाते तेव्हा मूत्रपिंडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग आधीच निकामी झालेला असतो.

दुसरी खूणही आमच्या डोळ्यांसमोर होती. तिच्या रेतीच्या घमेल्यातले ओले गोळे लिंबाएवढे असायचे, ते संत्र्याएवढे झाले होते. घमेलं मीच साफ करायची. तरी लक्षात आलं नाही.

मग जेवण सुटू लागलं. सकाळी फेसाळ उलटी. तोंडाला वेगळाच उग्र वास. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येऊ लागले.

(पडद्यावर: गुरांच्या दवाखान्याचं आवार. झाडाखाली म्हशी, शेळ्या. टोपलीत मांजर.)

आमच्याकडे दवाखाना म्हणजे गुरांचा. रांगेत पुढे गाभण म्हैस, मागे दोन शेळ्या, मध्ये टोपलीत चिमी. लोक बघत होते, मांजर दवाखान्यात आणलं म्हणून. डॉक्टरसाहेबांनी मात्र तिला म्हशीइतक्याच गांभीर्याने तपासलं. रक्त आणि लघवी जळगावच्या लॅबला पाठवली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा कचरा, ३.४ आलं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या धरतात. २.९ ते ५ ही तिसरी.

डॉक्टर म्हणाले, गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. उरलेल्यावरचा भार हलका करता येतो. अंगात पाणी पुरेसं राहिलं तर मळमळ कमी होते, जनावर खातं, हिंडतं. रोज इथवर आणलंत तर उन्हानेच तिचे हाल होतील, तेव्हा तुम्ही घरीच शिका.

आप्पांनी आयुष्यभर कपाशी केली, बैलांना नाळीने औषधं पाजली. पण या सुईला त्यांचा हात थरथरला.

(पडद्यावर: जवळून. हातांचं काम. आवाज फक्त पंख्याचा.)

हे सलाईन शिरेत द्यायचं नसतं. मांजराच्या दोन खांद्यांच्या मधली कातडी सैल असते. आई पिल्लाला उचलते, तीच जागा. ती चिमटीत धरून वर घेतली की खाली छोटासा तंबू तयार होतो. सुईची तिरपी कापलेली बाजू वर ठेवून त्या तंबूत सुई सरळ सारायची. नळीतली हवा आधीच काढून घ्यायची. मग नळीवरचं चाक सोडायचं. बाटली जितकी उंच टांगाल तितकी धार जोरात.

पाच-दहा मिनिटांत खांद्यावर उंटासारखा उंचवटा येतो. पहिल्या दिवशी माय तो बघून घाबरली. ते पाणी हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतं आणि काही तासांत अंगात जिरतं. दुसऱ्या दिवशीच्या वेळेपर्यंत उंचवटा तसाच असेल, तर पुढचं सलाईन न देता डॉक्टरांना फोन करायचा.

आमची पहिली रात्र फसली. मी सुई घातली ती घडीतून आरपार गेली, आणि सगळं पाणी केसांतून आप्पांच्या मांडीवर. चिमी कपाटाखाली जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या रात्री आप्पांनी टॉवेलची घडी केली आणि तिच्यावर माझ्याकडून वीस वेळा सुई टोचून घेतली. तिसऱ्या रात्री जमलं.

सुई दर वेळी नवी. एकदा टोचलेल्या सुईचं टोक बोथट होतं, जंतूही आत जातात. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. आम्ही वीस नंबरची वापरतो. अठरा नंबरने काम लवकर उरकतं, पण चिमीला ती सोसत नाही. पाणी गढूळ दिसलं तर बाटली अर्धी असली तरी टाकून द्यायची.

(पडद्यावर: दोन बाटल्या शेजारी शेजारी. लेबलं.)

इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट जिवावर बेतू शकते. औषधाच्या दुकानात "सलाईनची बाटली द्या" म्हटलं की कोणती हातात येईल सांगता येत नाही. चिमीला लागतं ते रिंगर लॅक्टेट, बाटलीवर आर. एल. लिहिलेलं असतं. गल्लीतल्या एकाने मायेपोटी सुचवलं होतं, की ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल. ग्लुकोजचं, म्हणजे डेक्स्ट्रोजचं सलाईन कातडीखाली देऊ नये. तिथे आग होते, गळू होतं, कातडी सडू शकते. किती मिली आणि किती दिवसांनी, हेही डॉक्टरच ठरवतात. हृदय कमजोर असलेल्या मांजराला हेच पाणी फुप्फुसात साठून मारू शकतं. म्हणून आप्पा ती झोपलेली असताना तिचे श्वास मोजतात. मिनिटाला तीसच्या आत असले की ठीक. ते वर जायला लागले तर त्या रात्री बाटली लावायची नाही, आधी डॉक्टरांना फोन.

घरातली तापाची, अंगदुखीची गोळी तर चुकूनही नाही. पॅरासिटामोल पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते. एका गोळीने मांजर मरू शकतं.

(पडद्यावर: माठ, त्याच्याभोवती ओलं फडकं. शेजारी सलाईनची बाटली.)

कातडीखाली जाणारं पाणी अंगाएवढं कोमट असावं. मांजराचं अंग ३८ ते ३९ अंश. थंडीत आम्ही बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतो आणि दोन थेंब मनगटावर टाकून बघतो. उन्हाळ्यात सगळं उलटं. दुपारी खोलीतली बाटलीच अंगापेक्षा तापलेली असते. म्हणून ती माठाच्या आडोशाला, ओल्या फडक्यात. ही युक्ती मायची. दह्याचं भांडं ती कायम तिथेच ठेवत आली आहे.

जेवणाचं गणित जास्त अवघड गेलं, आणि ते अजून पूर्ण सुटलेलं नाही. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस कमी असलेलं खाणं लागतं. ते शहरातून मागवावं लागतं, महाग पडतं, आणि चिमीने पहिल्यांदा वास घेऊन पाठच फिरवली. मग जुन्या जेवणात चमचाभर मिसळत महिनाभर वाढवत नेलं. ओलं आणि कोमट करून दिलं की वास सुटतो, मग खाते. दूध-भाकरीवर मांजर जगतं हा आपल्याकडचा समज. मांजर मांसाहारी जनावर आहे, भाकरीने त्याचं पोट फक्त भरतं. काहीच खात नसेल त्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने बिनमिठाची, कांदा-लसूण न घातलेली उकडलेली कोंबडी. योग्य अन्न पुढे ठेवून उपाशी राहण्यापेक्षा काहीतरी पोटात गेलेलं बरं. दोन-तीन दिवस उपास पडला तर मांजराच्या यकृतावर चरबी चढते, आणि तो दुसराच आजार होऊन बसतो.

पाण्याची भांडी घरात पाच ठिकाणी आहेत. पसरट, मिशा काठाला लागणार नाहीत अशी. दर रविवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर चिमीचं वजन होतं. दुकानदार आधी टोपलीचं वजन वजा करतो, मग आकडा मोठ्याने सांगतो. आप्पा कॅलेंडरवर लिहितात. २ किलो ९००. २ किलो ९५०. एका रविवारी ३ किलो भरली, तेव्हा माय देवाला साखर ठेवून आली.

(पडद्यावर: कॅलेंडरची मागची बाजू. तीन ओळी.)

कॅलेंडरच्या मागे आप्पांनी आणखी तीन ओळी लिहून ठेवल्यात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की तिला आवडणाऱ्या तीन गोष्टी आजच लिहा, नंतर डोळ्यांवर माया येते आणि खरं दिसत नाही. माय भाकरी थापते तेव्हा परातीपाशी येणं. आप्पांच्या उशाशी झोपणं. संध्याकाळी ओट्यावर चढून गल्ली बघणं. यातल्या दोन थांबल्या तर सुई आणखी किती दिवस चालवायची, ते डॉक्टरांपुढे बसून बोलायचं. आप्पांनी हे लिहिलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मायने पान उलटून ठेवलं.

(पडद्यावर: संध्याकाळ. ओटा. गल्लीत सायकली.)

परातीपाशी ती रोज येते. "उनी का व माय," म्हणत माय परात जरा बाजूला सरकवते. उशाशी झोपते. ओट्यावर चढणं मात्र गेल्या आठवड्यात थांबलं. पायरीखाली उभी राहायची, वर बघायची, परत फिरायची.

परवा आप्पांनी पायरीला लागून एक वीट ठेवली, वर गोणपाट बांधलं.

काल चिमीने विटेचा वास घेतला आणि निघून गेली. आज सहा वाजता आली. आधी वीट, मग पायरी, मग ओटा. खांद्यावरचा कालचा उंचवटा पार जिरलेला. आप्पा बाजूला सरकले, आणि ती गल्लीकडे तोंड करून बसली.