मुंबई–लंडन: जाताना दहा तास, येताना नऊ

(दृश्य: विमानतळावरचा फलक, लंडनच्या ओळीवर कॅमेरा स्थिर)

जानेवारीतली एखादी दुपार. दीडला मुंबईहून उडालेलं विमान संध्याकाळी सहाला लंडनला टेकतं. तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा केल्या, तर साडेचार तासांत विलायत! पण हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. ते मिळवा, म्हणजे खरे तास येतात: दहा.

अंतर मात्र ठरलेलं. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं, तर साधारण 7,200 किलोमीटर.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

8 जून 1948. सांताक्रूझहून एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ निघालं. चार पंख्यांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. कैरो, मग जिनिव्हा, आणि 10 जूनला लंडन. बोटीने आठवडेच्या आठवडे काढलेल्यांना तेही झटपटच वाटलं असणार. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि हिशोब दिवसांवरून तासांवर उतरला.

(दृश्य: सीटसमोरच्या पडद्यावरचा नकाशा, वेगाचे आकडे)

आता हा पडदा बघा. जेवणाचे ट्रे उचलले गेले, दिवे मंदावले की निम्मे प्रवासी याच आकड्यांकडे बघत बसतात. हवेतून विमान ताशी 900 किलोमीटरने चाललंय. पण जमिनीवरून मोजलेला वेग 800 च दाखवतोय. उरलेले शंभर वाऱ्याने खाल्ले.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात: जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशेच्याही वर जातो. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी. गणित सोपं आहे. 800 च्या वेगाने 7,200 किलोमीटरला नऊ तास. 1,000 च्या वेगाने सव्वासात. प्रत्यक्षात वारा वाटभर सारखा नसतो, धावपट्टीवरची ये-जा वेगळी. म्हणून वेळापत्रकात जाताना साधारण दहा आणि येताना नऊ तास धरतात.

(दृश्य: नकाशावर सरळ मार्ग, मग त्याला पडलेला वळसा)

पण वाऱ्याशी निदान वाटाघाटी करता येतात. उंची बदलायची, थोडं बाजूने जायचं. बंद आकाशाचं काय करणार? सर्वांत जवळची वाट सौराष्ट्र, बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र अशी युक्रेनच्या कडेला जाते. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनवरून प्रवासी विमानं उडत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली. त्याच जूनमध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराणचंही आकाश मिटलं. मग अरबी समुद्रावरून ओमान, सौदी अशी फेरी. वळशाला जास्त इंधन लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. तिकीट महागतं ते असं.

(दृश्य: रात्रीची मुंबई, आकाशातून)

येतानाचं विमान वारा साथीला घेऊन कधी कधी वेळेआधीच मुंबईवर पोहोचतं. खाली धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांग असली की वैमानिकाची घोषणा होते, आणि वाऱ्याने वाचवलेली वीस मिनिटं मुंबईच्या आकाशात घिरट्या घालण्यात जातात.