तुळईवरचा पिवळा पक्षी

आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ नाटकात, चेटकिणींच्या खटल्यात, कोर्टात मुली उभ्यायत. त्यातली एक, अबिगेल, एकदम वर बघून किंचाळते, पिवळा पक्षी, तो बघा तुळईवर, माझ्या अंगावर येतोय! बाकीच्याही वर बघायला लागतात, थरथरतात, एकमेकींना बिलगतात. आणि आपण प्रेक्षकसुद्धा वर बघतो. तिथे काहीच नसतं.

त्याच मुलींमधली मेरी वॉरन खरं सांगायला आलेली असते, की आम्ही नाटक करत होतो. पण सगळ्या मिळून तिलाच चेटकीण ठरवायला लागल्यावर ती थोडा वेळ तग धरते, रडते, ओरडते, आणि मग जो माणूस तिला कोर्टात घेऊन आला त्याच जॉन प्रॉक्टरकडे बोट दाखवते. झालं, सुटली ती. मला विचाराल तर अख्खं नाटक या दोन मिनिटांत आहे, कारण वाचायचं असेल तर दुसऱ्याचं नाव घ्या, एवढा एकच नियम तिथे चालतो.

हे नाटक २२ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं. गोष्ट १६९२ ची, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमची. तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खरोखर १९ जणांना फासावर चढवलं होतं आणि जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं होतं, कारण तो कोर्टापुढे आरोप कबूलही करेना आणि नाकारेही ना.

मग १९५३ मध्ये हे कशाला? कारण १९५० पासून अमेरिकेचा सेनेटर जोसेफ मॅकार्थी सांगत सुटला होता की सरकारात कम्युनिस्ट घुसलेत, माझ्याकडे यादी आहे, आणि यादीतला आकडा दर वेळी वेगळा. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, नट-लेखकांना काम मिळेना, चौकशीला बोलावलं की मित्रांची नावं सांगा. नाटकातल्या संवादांत कम्युनिस्ट हा शब्द एकदाही येत नाही. तरी लोकांना कळायचं ते कळलं, रूपकाची ताकद ती हीच.

भीती खरी असते हो, पण तिच्यावर पोळी भाजून घेणारेही असतात. नाटकातला पटनम बघा, शेजारी फासावर गेला की त्याची जमीन विकायला निघणार, आणि ती घेण्याइतका पैसा त्याच्याकडेच आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. खरी अबिगेल ११-१२ वर्षांची होती, मिलरने तिला १७ ची केलं आणि प्रॉक्टरशी प्रेमप्रकरण जोडलं, त्यामुळे सगळा दोष एका दुखावलेल्या मुलीवर जातो आणि तिचं ऐकून माणसं लटकवणारे जज थोडे सुटतात.

शेवटी प्रॉक्टर स्वतःपुरती खोटी कबुली देतो, बाकीच्यांची नावं सांग म्हटल्यावर नाही म्हणतो, सही पण करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लावणार म्हटल्यावर फाडून टाकतो. १९५६ मध्ये मिलरला स्वतःला संसदेच्या समितीपुढे उभं केलं, तिथे तो स्वतःबद्दल बोलला, कम्युनिस्ट लेखकांच्या बैठकीला अजून कोण होतं ते मात्र सांगितलं नाही. १९५७ मध्ये त्याला त्याबद्दल दोषी ठरवलं, १९५८ मध्ये तो निकाल रद्द झाला.