पिळलेल्या सुळक्याची गोष्ट

नमस्कार मंडळी, आज चर्चच्या मनोऱ्यांबद्दल. आधी एक पक्कं करून घ्या, खालचा चौकोनी भाग तो मनोरा आणि त्याच्यावर निमुळता होत जातो तो सुळका. खाली मनोरा, वर सुळका. पुढे लागणारे.

जुने रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या युरोपीय शैलीतले मनोरे म्हणजे जाड भिंती, अर्धगोल कमानीच्या बारक्या खिडक्या, थेट किल्ल्याचा बुरूजच. मग बाराव्या शतकात फ्रान्समधून गॉथिक शैलीचं बांधकाम आलं, कमानी टोकदार झाल्या आणि सगळ्यांना उंचीचं वेड लागलं. जर्मनीत उल्मला १३७७ साली चर्च बांधायला घेतलं, सुळका पूर्ण झाला १८९० साली, १६१ मीटर! इटलीत घंटेचा मनोरा बऱ्याचदा चर्चपासून सुटा उभा. घंटेवरून आठवलं, हल्ली कुठेकुठे रेकॉर्ड केलेली घंटा स्पीकरवर लावतात, मला नाही पटत, दोर ओढणाऱ्याचे हात दुखले पाहिजेत. असो.

आता माझा लाडका सुळका. इंग्लंडमधल्या चेस्टरफिल्ड गावच्या चर्चवरचा, चौदाव्या शतकातलं काम, २२८ फूट उंच, आणि ओला टॉवेल पिळावा तसा पिळलेला, तब्बल ४५ अंश! वर शेंडा नऊ फुटांहून जास्त कललाय. का? तर म्हणे एका लोहाराने सैतानाच्या पायाला नाल ठोकली, खिळा घुसला मांसात, सैतान बोंबलत उडाला आणि जाताजाता सुळक्याला लाथ बसली. दुसरे सांगतात, सैतान वर शेपटी गुंडाळून बसलेला, खालून धुपाचा वास आला आणि तो जो काय शिंकला! तिसरी गोष्ट जरा चावट आहे, एकदा म्हणे खरोखरची कुमारिका लग्नाला आली, सुळका चकित होऊन वळून बघायला गेला, परत तशी कोणी आली की सरळ होईन म्हणाला. अजून वाकडाच आहे.

खरं कारण लाकूड. ओकचं ओलं लाकूड, तेव्हा तेच वापरायचे, कापायला सोपं, आणि ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, वाकडं होतं, ते तुम्हाला माहितीये. त्यावर शिशाचे पत्रे, तीस टनांच्या वर वजन, ऊन लागलं की एकच बाजू प्रसरण पावणार, आणि आतून आडवे-तिरके आधार कमी. प्लेगमध्ये चांगले सुतार गेले म्हणून असं झालं, असंही म्हणतात. म्हणजे मनोरा ठीक, सुळका वाकडा. आणि गावाला त्याचा अभिमान इतका की तिथल्या फुटबॉल टीमला लोक स्पायराइट्स म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत सुळकेवाले!