उजव्या हाताला नदी

श्रोतेहो, नमस्कार.

आठ वर्षांचे एक नाते तुटल्यानंतर मी नर्मदेच्या काठी गेले होते, त्याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे. श्रद्धेने गेले असे म्हणता येणार नाही. घरच्यांच्या काळजीच्या नजरा सोसवत नव्हत्या आणि जिथे कुणी ओळखणार नाही अशा वाटेने नुसते चालत राहावे, एवढीच त्या वेळी मनात इच्छा होती.

परिक्रमेची रीत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मैकल डोंगरात अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा सुमारे 1312 किलोमीटर वाहत येऊन भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते, आणि परिक्रमावासी तिला सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र मध्ये कुठेही न ओलांडता, तिचे दोन्ही काठ पायी चालून पुरे करतो. जुन्या परंपरेप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची ही वाट आता पुष्कळ जण काही महिन्यांत चालतात. चातुर्मासात चालायचे नसते, म्हणून कार्तिकी एकादशीनंतर माणसे निघतात. मीही ओंकारेश्वरला संकल्प सोडला, लहानशा कुपीत नर्मदेचे पाणी भरून घेतले आणि दक्षिण काठाने पश्चिमेकडे चालू लागले.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आले की इथे मला माझे नाव लागत नाही. लहानथोर सगळे ‘मैयाजी’ म्हणून हाक मारत. घरी येणारा प्रत्येक जण ‘असे का झाले’ म्हणून विचारत होता. इथे लोक एवढेच विचारत, की परिक्रमा कुठून उचलली? या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर होते, आणि ते दिवसातून दहा वेळा देताना किती हलके वाटे, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

निमाडातली एक संध्याकाळ मात्र सविस्तर सांगते. कापसाच्या शेतांमधली पायवाट संपून मी एका वस्तीवर पोहोचले तेव्हा टाचेला आलेला फोड फुटला होता. एका घराच्या ओट्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या घरातल्या बाईंनी मला पाहताच मिरच्या एका बाजूला सारल्या, घोंगडी अंथरली, लोखंडी पळीत तेल तापवून त्यात हळद कालवली आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. परक्या बाईच्या मांडीवर माझा धुळीने माखलेला पाय होता आणि मी संकोचाने तो मागे घेत होते. त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला आणि लेप लावून होईपर्यंत सोडला नाही. रात्री चुलीवरचे जाड टिक्कड आणि तुरीची डाळ पोटभर वाढली. अंधारात मला रडू आले, तेव्हा त्या उठून जवळ बसल्या. कारण त्यांनी विचारले नाही.

सकाळी त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावले, हातात गूळ-फुटाण्यांची पुडी दिली, वाकून नमस्कार केला, ‘नर्मदे हर’ म्हणाल्या आणि मी वळणापर्यंत पोहोचण्याआधीच अंगण झाडायला लागल्या.

त्या झाडण्याच्या आवाजाशी मी कितीतरी वेळ थबकून उभी होते. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ असे कधी म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माझ्या आयुष्यातून निघून गेलेला माणूस शेवटच्या दिवशी ‘जातो’ म्हणाला होता, आणि तो एकच शब्द दीड वर्ष माझ्या कानात वाजत राहिला होता. नर्मदेकाठी ‘येते’ म्हणण्याची सोयच नाही, कारण परिक्रमावासी आल्या वाटेने परत फिरत नाही. भेटताना ‘नर्मदे हर’ आणि निघतानाही ‘नर्मदे हर’. रात्रभर मायेने सांभाळलेल्या माणसाला सकाळी इतक्या मोकळ्या मनाने वाटेला लावता येते, हे मी तोवर पाहिले नव्हते. पुढे रोज सकाळी तेच घडत गेले. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या डोंगरातून जाताना, जिथे पूर्वी शूलपाणीच्या झाडीत वाटसरूंच्या अंगावरचे कपडेही लुटले जात असे जुने लोक सांगतात, तिथे भिल्ल कुटुंबांनी आपल्या भाकरीतली भाकरी मला दिली. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना.

दक्षिण काठाच्या शेवटी, नदीच्या मुखाजवळ असलेल्या विमलेश्वरहून उत्तर काठाला जायला समुद्र ओलांडावा लागतो. त्यासाठी नाव लागते, आणि ती भरतीच्या पाण्यावरच निघते. भरतीची वाट पाहत आम्ही मध्यरात्री किनाऱ्यावर बसलो होतो. शेजारी साताऱ्याकडचे एक वयस्क गृहस्थ होते. पत्नी गेल्यानंतर ते निघाले होते, एवढे एक वाक्य त्यांनी सांगितले. मीही माझे एक वाक्य सांगितले. त्यानंतर आम्ही पहाटेपर्यंत बुटांविषयी, पावलांच्या फोडांविषयी आणि कुठल्या आश्रमातली खिचडी चांगली होती याविषयी बोलत राहिलो, आणि उत्तर काठावर उतरल्यावर आपापल्या चालीने वेगळे झालो. त्यांचे नाव मला आजही माहीत नाही.

परिक्रमा पूर्ण होऊन आता काही वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात मी बसने निमाडातल्या त्या वस्तीवर मुद्दाम गेले. ओट्यावर मिरच्या तशाच वाळत होत्या. त्या बाईंनी मला ओळखले नाही. मी टाचेच्या फोडाची, हळदीच्या लेपाची आठवण करून दिली. त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिले आणि हसून म्हणाल्या, इतकी माणसे येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवू? सोडून गेलेला माणूस मला विसरेल या भीतीने जी मी दीड वर्ष झोपले नव्हते, त्याच मला ते ऐकताना काहीच खुपले नाही. त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या, घोंगडी अंथरली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.