वारुळावरची भाजी आणि मनातली किळस

श्रोतेहो, नमस्कार.

पानात वाढलेला पदार्थ ताजा असतो, चवीला उत्तम असतो, घरातील सर्वांना मानवलेला असतो आणि तरीही तो कोठून आला हे कळताच पाहुण्याचा हात आखडतो. आज मी आपल्याशी या आखडलेल्या हाताविषयी बोलणार आहे, कारण आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात म्हणजे झाडीपट्टीत, रानातून येणाऱ्या अन्नाला या किळसेचा फटका फार बसतो.

लाल मुंग्यांची चटणी आपल्याला ऐकून तरी ठाऊक असेल. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड आणि एटापल्ली या भागांत झाडाची पाने एकमेकांना शिवून केलेली मुंग्यांची घरटी उतरवतात आणि मिरची-मिठाबरोबर मुंग्या वाटतात. फॉर्मिक आम्लामुळे त्या चटणीला लिंबासारखा आंबटपणा येतो. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात अशाच मुंग्यांची ‘काई चटणी’ करतात आणि तिला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे मात्र आश्रमशाळेतील एखाद्या मुलाने घरी ही चटणी करतात असे सांगितले, तर वर्गातील इतर मुले तोंड वेंगाडतात आणि ते मूल पुन्हा घरच्या जेवणाविषयी बोलत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळेत मुलांना घरच्या स्वयंपाकाविषयी बोलायला लावणारा एक तास आठवड्यातून असावा, असे माझे फार जुने मत आहे.

हसणाऱ्या घरांतही कीटकांचे देणे रोज येतेच. मध हा मधमाशीने फुलातला रस स्वतःच्या पोटातील पिशवीत भरून पोळ्यात पुन्हा ओकून, पंखांनी वारा घालून आटवलेला पदार्थ आहे. पळसाच्या, बोरीच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडा जी लाख सोडतो, तीच शुद्ध करून औषधाच्या गोळ्यांना आणि चकचकीत मिठाईला चढवतात. बर्फीवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या थरांमध्ये ठेवून कुटला जात असे. वर्ख तयार करताना प्राण्यांपासून मिळणारी वस्तू वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये केला. किळस सर्वांनाच असते, परंतु ती ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे कोठेतरी थांबते आणि पुढचे पाहत नाही, हे मला सांगायचे आहे.

यासंबंधीचा आमच्या घरचा एक प्रसंग मला फार आवडतो, तो आता सविस्तर सांगतो.

आमचे गाव कुरखेडा तालुक्यात, भातशेतीच्या मुलखात आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अकोटकडचे. काळ्या मातीचे, कपाशीचे आणि वांग्या-मिरचीच्या मळ्याचे ते कष्टाळू शेतकरी आहेत. एका वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी ते आमच्याकडे आले. श्रावण असल्यामुळे त्यांचे मटण बंद होते आणि नेमक्या त्याच सकाळी गावातील पोरांनी बांबूच्या टोपलीत भरून सात्या आणल्या होत्या. सात्या म्हणजे काय हे झाडीपट्टीतील श्रोत्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो की पावसाळ्यात, जोराचा पाऊस होऊन उकाडा पडला की वारुळांवर उगवणाऱ्या त्या पांढऱ्या अळिंब्या होत. आमच्या आईने त्या तीन पाण्यांनी धुऊन, कांदा आणि तिखट घालून जवसाच्या तेलात केल्या. भाऊजींनी तीन वेळा भाजी मागून घेतली. ‘श्रावणात मटण खाल्ल्यासारखे वाटले,’ असे म्हणत ते ओसरीवर टेकले.

दुपारी त्यांनीच हट्ट धरला की ही भाजी उगवते कोठे ते पाहायचे. आम्ही बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर गेलो. तेथील एका वारुळाची कड पावसाने ढासळली होती आणि आतला भाग उघडा पडला होता. तेथे तपकिरी रंगाचे, अक्रोडाच्या गरासारखे सुरकुतलेले गोळे होते आणि त्यांवर खसखशीएवढे पांढरे ठिपके होते. ‘हे काय आहे?’ असे त्यांनी विचारले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देणे हा माझा धर्म आहे. मी सांगितले की ही उधईची, म्हणजे वाळवीची शेती आहे. उधई वाळलेले लाकूड आणि पालापाचोळा खाते, पण तो तिला नीट पचत नाही. ती अर्धवट पचलेली विष्ठा थरावर थर रचून हे गोळे करते आणि त्यांवर बुरशी वाढवते. बुरशी तो कठीण भाग मऊ करते, मग उधई ते खाते. पावसाळ्यात याच बुरशीला खोलवरून लांब देठ फुटतो, तो माती फोडून वर येतो आणि त्याचीच सात्या होते. भाऊजींनी पुन्हा विचारले, ‘म्हणजे विष्ठेवर?’ मी ‘होय’ म्हटले. परत येताना वाटेत ते काहीच बोलले नाहीत.

रात्री तीच भाजी गरम करून वाढली, तेव्हा ‘पोट जड आहे’ असे म्हणत त्यांनी वाटी बाजूला सारली. पोरांकडून आईला सर्व कळले होते. आई जावयासमोर कधी मोठ्याने बोलत नसे. ती स्वयंपाकघराच्या दाराआडून हळूच म्हणाली, ‘जवाईबापू, यंदा वांग्याले किती बंड्या शेणखत टाकलं?’ बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.

भाऊजींचा चेहरा एकदम खुलला. ‘एकरी दहा-बारा बंड्या तं लागतेच, मामी,’ असे सांगून त्यांनी आपल्या उकिरड्याचे वर्णन सुरू केले. शेण कसे मुरवायचे, त्यावर गोमूत्र कधी शिंपायचे, नीट कुजलेले खत हातात घेतले तर त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास कसा येतो आणि त्या खतावरच्या वांग्याची चव बाजारच्या वांग्याला का येत नाही, हे सर्व त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यांचे बोलणे चालू असताना आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि बोलता बोलता त्यांनी ती भाताबरोबर संपवली. आई पुढे काहीच बोलली नाही.

श्रोतेहो, दुपारची भाजी आणि रात्रीची भाजी एकाच पातेल्यातली होती; बदलली ती फक्त मनातली कल्पना. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पॉल रॉझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले, तर अपाय होण्याचा संभव नसतानाही लोकांना तो रस नकोसा झाला.

तथापि, किळस अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. नाल्याशेजारच्या विहिरीचे गढूळ पाणी पिताना आपल्याला जरूर किळस यावी. आणि एक गोष्ट मी दोनदा सांगणार आहे: ओळख पटल्याशिवाय रानातली कोणतीही अळिंबी खाऊ नका. पुन्हा सांगतो, गावातील जाणत्या माणसाने हातात घेऊन ओळखल्याशिवाय रानातली अळिंबी शिजवू नका, कारण विषारी अळिंबी शिजवल्यानेही निर्धोक होत नाही.

सध्या रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांवर सात्यांचे वाटे मांडून बाया बसलेल्या दिसतील. पहाटेपासून रान तुडवून त्यांनी ते गोळा केलेले असतात. तेथे कृपा करून घासाघीस करू नये. सात्यांची शेती माणसाला अद्याप करता आलेली नाही, ती उधईच करते. म्हणून ज्यांच्या धुऱ्यावर जुने वारूळ आहे, त्यांनी बांधी सपाट करण्यासाठी जेसीबी बोलावताना तेवढा तुकडा वगळावा, आणि सात्या काढताना देठ वरूनच हलक्या हाताने उपटावा, खाली खणून आतले गोळे फोडू नयेत. ते गोळे शाबूत राहिले, तर पुढच्या श्रावणात त्याच जागी सात्या येण्याची आशा राहते.

नमस्कार.